मुक्त सॉफ्टवेअरला जाहिरातींचा आधार देताय? या चुका टाळा

सॉफ्टवेअर मोफत आहे, कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर खुला आहे, वापरणारे हजारो आहेत आणि सर्व्हरचं बिल मात्र दर महिन्याला तुमच्याच कार्डावर पडतं. अशा वेळी जाहिरातीचा विचार येणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फायरफॉक्स ब्राउझरचा डोलारा वर्षानुवर्षं मुख्यतः सर्च कंपन्यांच्या, विशेषतः गूगलच्या पैशांवर उभा आहे. तीही एका अर्थी जाहिरातीचीच कमाई. बिनसतं ते बहुतेक वेळा जाहिरात घेतल्यामुळे नाही, ती नको तिथे ठेवल्यामुळे.

बंदिस्त अ‍ॅपमधली जाहिरात नकोशी झाली तर वापरणारा पैसे भरतो, नाहीतर सोसतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणीही कोड घेतो, जाहिरातीच्या ओळी उडवतो आणि नवी आवृत्ती वाटतो. ‘जाहिरात काढायची नाही’ असं कलम लायसन्समध्ये घातलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचलित लायसन्समध्ये अशी जादा अट घालता येत नाही, आणि असं कलम असलेल्या लायसन्सला मुक्तस्रोत म्हणताही येत नाही. म्हणजे तुमची जाहिरात टिकते ती लोक चालवून घेतात तोवरच.

कामाच्या जागी जाहिरात

ऑगस्ट २०१९. जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या ‘स्टँडर्ड’ या लोकप्रिय पॅकेजने (इतरांच्या प्रकल्पांत वापरायच्या तयार कोडने) एक प्रयोग केला: पॅकेज इन्स्टॉल करताना टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, प्रायोजकाचा फलक झळकायचा. पाळत नाही, माहिती गोळा करणं नाही, नुसता मजकूर. तरी गदारोळ उठला. टर्मिनलमधल्या जाहिराती अडवणारं पॅकेज कोणीतरी लगोलग लिहिलं, लिनोड या प्रायोजकाने अंग काढून घेतलं, आणि एनपीएमने (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडाराने) अशा पॅकेजेसना बंदी घालणार असल्याचं सांगितलं. लोक कृतघ्न म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. एका प्रकल्पाखाली शेकडो पॅकेजेस असतात. प्रत्येकाने फलक लावायचं ठरवलं तर बिल्डच्या (कोडपासून प्रोग्राम तयार होतानाच्या) नोंदींत खरी चूक शोधायची कुठे? त्याच वर्षी एनपीएमने ‘एनपीएम फंड’ ही आज्ञा आणली. कोणत्या पॅकेजला निधी हवा आहे ते ती दाखवते, पण विचारलं तरच. तुमच्या प्रोग्रामला टर्मिनलमध्ये काही सांगायचंच असेल तर एवढ्यावर थांबा.

इन्स्टॉलरमधले पाहुणे

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण पैसे झटपट येतात. २०१३ मध्ये सोर्सफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअर डाउनलोडच्या साइटने ‘डेव्हशेअर’ योजना सुरू केली. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्यांची सॉफ्टवेअर्स घुसवायची आणि कमाईचा वाटा प्रकल्पाला द्यायचा. फाइल पाठवण्याचं फाइलझिला तिच्यात सामील झालं. चित्रं संपादित करण्याच्या गिंपने मात्र त्याच नोव्हेंबरात विंडोज आवृत्तीसह सोर्सफोर्ज सोडलं. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने गिंपचं तिथे पडून असलेलं पान ताब्यात घेऊन जाहिरातींचा इन्स्टॉलर वाटायला सुरुवात केली, तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला. २०१६ मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी ही योजनाच बंद केली.

याउलट व्हीएलसी, म्हणजे व्हिडिओ पाहण्याची प्रणाली. इन्स्टॉलरमध्ये असल्या गोष्टी घालण्यासाठी कोट्यवधी युरो देऊ केले होते आणि आपण नकार दिला, असं तिचे प्रमुख ज्याँ-बातिस्त केंप यांनी अनेकदा सांगितलं आहे.

विकायलाच काढलं तर काय होतं तेही पाहा. अँड्रॉइडवरची ‘सिंपल मोबाइल टूल्स’ ही साधी, जाहिरातमुक्त अ‍ॅप्स २०२३ च्या अखेरीस झिपोअ‍ॅप्स या कंपनीकडे गेली. तिची कमाई जाहिरातींवरची. लगेच जुन्या कोडवरून ‘फॉसिफाय’ नावाचा फोर्क (स्वतंत्र नवी आवृत्ती) निघाला आणि जाणकारांनी तिकडे मुक्काम हलवला.

न विचारता, मूळ अवस्थेतच चालू

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १२.१० आवृत्तीत (ऑक्टोबर २०१२) स्वतःच्या संगणकावरची फाइल शोधायला गेलं तरी टाइप केलेले शब्द ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जायचे आणि निकालांत अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दिसायच्या. खरेदी झाली तर कॅनॉनिकलला कमिशन. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला स्पायवेअर (हेरगिरीचं सॉफ्टवेअर) म्हटलं. बंद करायची सोय होती, पण हा शोध मूळ अवस्थेतच बंद ठेवायला १६.०४ ही आवृत्ती उजाडली.

पैसे न घेताही हे अंगाशी येतं. डिसेंबर २०१७ मध्ये एका अमेरिकी टीव्ही मालिकेच्या प्रचाराचं अ‍ॅड-ऑन फायरफॉक्समध्ये न विचारता येऊन बसलं. अनोळखी नावाचं काहीतरी ब्राउझरमध्ये दिसल्यावर माणूस आधी व्हायरसच समजणार! यात पैशांची देवाणघेवाण नव्हती असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं. माफी मागायची वेळ मात्र आलीच.

काही तांत्रिक अडचणी

गूगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात सेवेचा कोड डेस्कटॉप प्रोग्रामच्या खिडकीत टाकू नका. तो वेबसाइटसाठी आहे, सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही. ‘प्रकल्पाला मदत म्हणून जाहिरातीवर क्लिक करा’ असं लिहिणंही नियमबाह्य आहे, खातं बंद होऊ शकतं.

मोबाइलवर गूगलच्या अ‍ॅडमॉब या जाहिरात सेवेची एसडीके (अ‍ॅपमध्ये जोडायचा तयार कोड) बंदिस्त आहे. तुमच्या जीपीएल कोडमध्ये इतरांनीही भर घातली असेल तर ही एसडीके जोडून वाटण्याआधी त्या सगळ्यांची परवानगी लागेल. एकटेच लेखक असाल तर अपवाद देणं तुमच्या हातात आहे. एफ-ड्रॉइड या मुक्त अँड्रॉइड अ‍ॅप्सच्या दुकानाच्या मुख्य भांडारात बंदिस्त एसडीकेला जागाच नाही, आणि जाहिराती असलेल्या अ‍ॅपवर तिथे तसा इशारा लागतो.

डाउनलोडच्या पानावर आपोआप येणाऱ्या जाहिराती नकोतच. तिथे हिरवं ‘डाउनलोड’ बटण असलेली दुसऱ्याचीच जाहिरात येते आणि नवखा माणूस तेच दाबतो. नंतर व्हायरसची तक्रार तुमच्याकडे.

मग ठेवायची कुठे?

दस्तऐवजांच्या पानांवर. सॉफ्टवेअरचे दस्तऐवज मांडणारी रीड द डॉक्स ही साइट २०१६ पासून तेच करतं. वाचणाऱ्याचा माग काढायचा नाही, पानाच्या विषयाला धरून जाहिरात दाखवायची; पुढे यातूनच त्यांचं ‘एथिकलअ‍ॅड्स’ हे जाळं उभं राहिलं. यात गबर होण्याची आशा नको. तुमचे वाचक प्रोग्रामर आहेत, त्यांच्यातल्या अनेकांकडे अ‍ॅडब्लॉकर असणार. म्हणून प्रायोजकाशी थेट बोलून महिन्याच्या ठरावीक रकमेवर साधं चित्र आणि दुवा द्या. गिटहबच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या ओळखीच्या पानावर) स्क्रिप्ट चालत नाही, पण प्रकल्पाशी संबंधित प्रायोजकाचं चित्र चालतं.

तरी भागत नसेल तर विकायला दुसरं काही आहे का ते बघा. मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचा कोड खुला ठेवते आणि पैसे होस्टिंग व सेवेचे घेते. छोट्या युटिलिटीला हा मार्ग जमेलच असं नाही; व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र जाहिरातींपेक्षा तोच बरा.

आणि आधीच चूक होऊन बसली असेल, तक्रारींचा पाऊस सुरू असेल, तर वाद घालत बसू नका. आधी जाहिरात बंद असलेली आवृत्ती काढा. मग कोणती माहिती कुठे गेली, किती पैसे आले आणि ते कशावर खर्च झाले ते लिहा. जाहिरात पुन्हा आणायचीच असेल तर प्रस्ताव खुल्या चर्चेत ठेवा, कोड येण्याआधी.