रानपक्ष्यांमधील कॉक्सिडियाची जात ओळखताय? या चुका टाळा

कोंबड्यांची रक्ती हगवण ठाऊक नाही असा कुक्कुटपालक मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. ती घडवणारे एकपेशीय परजीवी म्हणजे कॉक्सिडिया. त्यांचे भाऊबंद मोरापासून मुनियापर्यंत बहुतेक रानपक्ष्यांच्या आतड्यात नांदत असतात. कोंबडीच्या बाबतीत काम त्यामानाने सोपे असते, कारण आयमेरिया या कॉक्सिडियांच्या गटाच्या परिचित जाती मोजक्या आहेत आणि मेलेली कोंबडी उघडून आतड्याच्या कोणत्या भागाला इजा झाली तेही पाहता येते. रानपक्ष्याच्या बाबतीत हाती येते ती चिमूटभर शीट. जातीचे नाव बहुतेकदा मायक्रोस्कोपखाली जाण्याआधीच चुकलेले असते: झाडाखाली, बाटलीत किंवा मे महिन्यातल्या तापलेल्या टेबलावर.

सकाळची शीट तपासून "निगेटिव्ह" लिहिणे

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. चिमणी, सुगरण, बुलबुल, साळुंकी, मुनिया अशा झाडावर बसणाऱ्या छोट्या पक्ष्यांत प्रामुख्याने आयसोस्पोरा हा कॉक्सिडियांचा दुसरा गट आढळतो, आणि त्याचे ऊसिस्ट (कवचबंद बीजावस्था) दिवसभर सारखे पडत नाहीत. ते दुपार कलल्यावर, साधारण चारपासून सूर्यास्तापर्यंत, भरभरून बाहेर येतात. त्याच पक्ष्याच्या सकाळी सातच्या शिटेत एकही ऊसिस्ट न दिसणे अगदी शक्य आहे. संध्याकाळी पडलेला ऊसिस्ट कडक ऊन आणि कोरडेपणा यांतून वाचतो, असे याचे कारण सांगितले जाते. आपल्याकडचे ऊन पाहता ते पटतेही.

म्हणून नमुना दुपारी चारनंतरच घ्या. दोन ठिकाणांची किंवा दोन महिन्यांची तुलना करायची असेल तर वेळ तीच ठेवा. सकाळचे आकडे संध्याकाळच्या आकड्यांशेजारी मांडले तर दिसणारा फरक आजाराचा नसून घड्याळाचा असतो.

शीट कोणाची, हे गृहीत धरणे

कॉक्सिडिया आपल्या यजमानाशी, म्हणजे ज्या पक्ष्यात राहतात त्याच्याशी, फार एकनिष्ठ असतात. यजमान पक्षी नक्की असेल तर ओळख निम्मी झालीच. तो चुकला तर पुढची सगळी मोजमापे वाया गेली. बाभळीखाली पडलेली शीट सुगरणीची म्हणून उचलावी आणि ती साळुंकीची निघावी, असे सहज होते.

एकाच जातीचे पक्षी बसलेले असताना खाली स्वच्छ प्लास्टिक अंथरा, पक्षी डोळ्यांनी पाहा, शीट पडताच उचला. मातीला लागलेला भाग घेऊ नका. पांढरा भाग युरेटचा, म्हणजे पक्ष्याच्या लघवीचा असतो, तो शक्य तितका बाजूला सारून गडद भाग घ्या. बीड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या मोरांच्या मुलुखात आणखी एक घोळ होतो. मोर शेतवस्तीवर दाणे टिपायला येतो, तिथेच गावरान कोंबड्याही चरतात, आणि गोळा केलेल्या "मोराच्या" शिटेत कोंबडीची मिसळते. मोराचा आयमेरिया वेगळा आहे. आयमेरिया मयूराई ही जात तर भाटिया आणि पांडे यांनी १९६६ मध्ये आपल्याच भारतीय मोरातून वर्णन केली.

अभयारण्यातून काहीही उचलण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी हवी, आणि पक्षी पकडायचा असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी घेतल्याशिवाय जाळी लावायची नाही. पारव्यांच्या सुकलेल्या शिटेची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

नमुना फॉर्मालीनमध्ये टाकणे

प्रयोगशाळेच्या सवयीने हात फॉर्मालीनकडे जातो आणि तिथेच ओळख संपते. फॉर्मालीनमध्ये ऊसिस्ट मरतो, पुढे पिकत नाही, आणि डीएनएही खराब होतो. अल्कोहोलमधला नमुना डीएनएसाठी चालतो, पण त्यातलाही ऊसिस्ट पिकणार नाही. योग्य द्रव म्हणजे २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेट: १०० मिली पाण्यात २.५ ग्रॅम. ते जिवाणू आणि बुरशी रोखते, ऊसिस्टला मात्र जगू देते. शीट एक भाग असेल तर द्रावण किमान पाच भाग घ्या. हे रसायन विषारी आणि कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या डब्यात साठवा.

ऊसिस्ट पिकत नाही? हवा आणि ऊन तपासा

ताज्या शिटेतला ऊसिस्ट म्हणजे पारदर्शक कवचात बसलेला एक दाणेदार गोळा. आयमेरिया असो की आयसोस्पोरा, दिसायला तो सारखाच. या अवस्थेत नाव देणे म्हणजे बी पाहून आंब्याची जात सांगणे. तो पिकला, म्हणजे त्याचे स्पोर्युलेशन झाले, की आतल्या गोळ्याचे स्पोरोसिस्ट (छोट्या पिशव्या) आणि त्यांच्या आत केळ्याच्या आकाराचे स्पोरोझोइट (संसर्ग करणाऱ्या पेशी) तयार होतात. ओळख तिथून सुरू होते.

पिकायला प्राणवायू लागतो. काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत काहीच घडत नाही. मिश्रण जाळीतून गाळा, पेट्री डिशमध्ये ओता, थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका, झाकण सैल ठेवा आणि दिवसातून दोनदा हलकेच हलवा. प्रवासात बाटली अर्धीच भरा आणि रोज उघडून हवा द्या.

दुसरी गोष्ट तापमानाची. २३ ते २८ अंश सेल्सिअस उत्तम. पण एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेडकडे बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या खोलीतल्या टेबलावर डिश ठेवली तर ऊसिस्ट पिकण्याऐवजी खराब होतात. इन्क्यूबेटरला थंड करण्याची सोय नसेल तर तो उन्हाळ्यात कुचकामी, कारण त्याला फक्त तापवता येते. आपल्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर चांगला चालतो; कूलरच्या खोलीत, थेट झोतापासून दूर, डिशशेजारी थर्मामीटर ठेवा. वीज जात असेल तर डिश ओल्या वाळूच्या परातीत ठेवून त्यावर ओले फडके धरा. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते तेच इथे काम करते. फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवायचे ते पिकून झाल्यावर, आणि फ्रीझरमध्ये कधीच नाही.

रोज एक थेंब पाहत राहा. बहुतेक आयसोस्पोरा एक ते तीन दिवसांत पिकतात, काही आयमेरिया जास्त वेळ घेतात. नारिंगी द्रावण हिरवट पडू लागले तर शीट जास्त झाली आहे आणि डायक्रोमेट खर्ची पडला आहे, द्रावण बदला. गोळा कवचाच्या एका कडेला आक्रसून गेला असेल तर तो ऊसिस्ट मेला आहे, त्याची वाट पाहू नका.

साखरेत पोहणारे सगळे ऊसिस्ट नसतात

तरंगवण्यासाठी ५०० ग्रॅम साखर, ३५० मिली पाणी आणि ५ मिली फिनॉल असे द्रावण करा. त्याचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.२८ येते. फिनॉल विसरलात तर दोन दिवसांत त्यात बुरशी फिरते. नमुना पाण्याने धुऊन डायक्रोमेट काढा, साखरेत मिसळा, १५०० आरपीएमवर पाच मिनिटे फिरवा, नळी काठोकाठ भरून कव्हरस्लिप ठेवा आणि दहा मिनिटांनी उचला. लगेच पाहा. साखरेत फार वेळ राहिलेले ऊसिस्ट चेपतात. मिठाच्या संपृक्त द्रावणात तर आणखी लवकर. मग फुटबॉलमधली हवा जावी तसा आकार मोजला जातो आणि "नवी जात" सापडते.

आता मोजणी. पिकलेल्या ऊसिस्टमध्ये दोन स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात चार स्पोरोझोइट असतील तर आयसोस्पोरा. चार स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात दोन असतील तर आयमेरिया; हा मोर, तित्तर, पारवा यांच्यात अपेक्षित. एकच स्पोरोसिस्ट आणि त्यात आठ असतील तर कॅरियोस्पोरा; तो घार, घुबड अशा शिकारी पक्ष्यांत मिळतो.

शिकारी पक्ष्यांत सार्कोसिस्टिस हा आणखी एक परजीवी हमखास फसवतो. त्याच्याही स्पोरोसिस्टमध्ये चार स्पोरोझोइट, म्हणून तो आयसोस्पोरा वाटतो. पण तो आतड्यातच पिकतो, त्यामुळे ताज्या शिटेतच तयार दिसतो. त्याचे बाहेरचे कवच पातळ असल्याने सुटे स्पोरोसिस्ट जास्त सापडतात आणि टोकाला स्टीडा बॉडी नसते. चिमणीवर्गी पक्ष्यांच्या आयसोस्पोरात स्पोरोसिस्टच्या निमुळत्या टोकावर ही छोटी बटणासारखी गाठ स्पष्ट दिसते.

शिवाय पोटातून नुसते जाणारे पाहुणे असतात. पिंगळ्याने उंदीर खाल्ला तर उंदराचा आयमेरिया पिंगळ्याच्या शिटेत येतो. वेडा राघू किंवा कोतवाल यांच्या शिटेत एकाच कवचात अनेक गोल स्पोरोसिस्ट दिसले तर तो किड्यांचा अडेलिना असू शकतो. गांडुळे खाणाऱ्यांत लिंबाच्या आकाराची मोनोसिस्टिसची बीजे सापडतात. चिमणीत चार-गुणिले-दोन असा आयमेरिया दोनचारच मिळाला तर आधी विचारा, ती कोंबड्यांच्या खुराड्याजवळ चरते का? खरा संसर्ग असेल तर तोच प्रकार त्या जातीच्या इतर पक्ष्यांत आणि पुढच्या नमुन्यांतही मिळतो.

मोबाइलच्या फोटोवरून मोजणे

डोळ्याच्या भिंगातली मायक्रोमीटरपट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (नमुन्याजवळच्या भिंगासाठी) स्वतंत्र जुळवावी लागते. स्टेज मायक्रोमीटरचा (रेषा कोरलेल्या मापाच्या काचेचा) एक भाग ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रॉन. समजा ४०एक्सला पट्टीचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांवर बसले, तर एक भाग २.५ मायक्रॉन. १००एक्सला तेच १०० भाग स्टेजच्या १० भागांवर बसले, तर एक भाग १ मायक्रॉन. ऑइलखाली, म्हणजे १००एक्सने, पाहून ४०एक्सचा गुणक लावला की २४ मायक्रॉनचा ऊसिस्ट ६० मायक्रॉनचा होतो. मोबाइलवर झूम केले की हा हिशेब पूर्ण मोडतो; फोटो काढा, पण झूम न करता, आणि त्याच बैठकीत स्टेज मायक्रोमीटरचाही काढा.

किमान ३० ऊसिस्ट मोजा, ५० मिळाले तर उत्तम. लांबी, रुंदी, त्यांचे गुणोत्तर, कमाल-किमान आणि सरासरी लिहा. सरासरी काढण्याआधी लांबी-रुंदीचा आलेख काढाच. एका पक्ष्यात दोन-तीन जाती सहज असतात. आलेखावर ठिपक्यांचे दोन पुंजके दिसत असताना एकच सरासरी काढली, तर निसर्गात नसलेल्या जातीचे वर्णन कागदावर येते. मग कवचाचे थर, मायक्रोपाइल (कवचाच्या टोकाचे छिद्र) आहे की नाही, पोलर ग्रॅन्यूल (ऊसिस्टमधला छोटा कण), ऊसिस्टमधला उरलेला चोथा म्हणजे रेसिड्युअम, स्टीडा आणि तिच्याखालची सबस्टीडा बॉडी, स्पोरोझोइटमधले चमकदार गोळे, हे सगळे १००एक्सखाली फोकस वरखाली करत पाहा. "दिसले नाही" आणि "नाही" हे वेगळे लिहा.

जुने नाव चिकटवणे

चिमणीवर्गी पक्ष्यातला कोणताही आयसोस्पोरा म्हणजे आयसोस्पोरा लाकाझेई, ही सवय अजून सुटलेली नाही. लाबे यांनी १८९३ मध्ये दिलेले हे नाव पुढे दिसेल त्या पक्ष्याला लागले. लेव्हिन यांनी १९८२ मध्ये ते युरोपातल्या गोल्डफिंचपुरते मर्यादित केले आणि घरचिमणीतल्या परजीवीला आयसोस्पोरा पासेरिस म्हटले. त्याच वर्षी फ्रेंच संशोधकांनी एकट्या घरचिमणीतून कितीतरी जाती वेगळ्या काढल्या. म्हणून वर्णन आधी त्याच पक्ष्याच्या, मग त्याच कुलाच्या परजीवींशी ताडून पाहा. जुळले नाही तर "आयसोस्पोराची एक जात, यजमान सुगरण" एवढेच लिहा. ते अपुरे नाही.

डीएनए करायचा असेल तर डायक्रोमेट जाईपर्यंत नमुना चार-पाच वेळा धुवा, नाहीतर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची चाचणी) अडतो. कवच काचमण्यांनी किंवा गोठवून-वितळवून फोडा. जवळच्या जाती वेगळ्या करायला केवळ १८एस जनुक पुरत नाही, सीओआय जनुकही तपासा.

आणि बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई डायक्रोमेटात पुसते. पक्ष्याची जात, कोणी पाहिला, गाव आणि तालुका, तारीख, शीट पडल्याची वेळ मिनिटासह, द्रावणात टाकल्याची वेळ, खोलीचे तापमान. एक चिठ्ठी बाहेर चिकटवा, दुसरी बाटलीच्या आत टाका.