जात, पैसा आणि लेकरं: दहा मिनिटांचा विनोद कसा बांधावा

अमेरिकेतील वंश, वर्ग आणि पालकत्वावरचे स्टँड-अप पाहून लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मंचावर उभे राहू इच्छिणाऱ्याने तिथला विनोद उचलून आणू नये, त्याची बांधणी तेवढी उकलून पाहावी. कृष्णवर्णीय अमेरिकी विनोदवीर ख्रिस रॉकने २००८ च्या कार्यक्रमात न्यू जर्सीतील अल्पाइन या श्रीमंत गावातील आपल्या घराविषयी सांगितले. तिथे कृष्णवर्णीय म्हणजे मेरी जे. ब्लाइज, जे-झी, एडी मर्फी आणि तो स्वतः, सगळे आपापल्या क्षेत्रात अव्वल. आणि शेजारी राहणारा गोरा गृहस्थ कोण, तर एक साधा दंतवैद्य. कृष्णवर्णीय दंतवैद्याला तिथे घर घ्यायचे तर त्याला दातांचाच शोध लावावा लागेल, असे रॉक म्हणतो.

आपल्याला आपला दंतवैद्य, म्हणजे विषमता उघडी पाडणारा आपल्याकडचा साधा माणूस, शोधायचा आहे. नीटच्या शिकवणीसाठी मुलाला घेऊन लातूरला आलेला बाप खोली पाहतो आहे, असे समजा. घरमालक विचारतो, "नाव काय?" मग, "पूर्ण नाव?" आडनावावरूनही उलगडा होत नाही, तेव्हा, "गावात घर कोणत्या बाजूला?" प्रश्न तीनच ठेवावेत, चौथ्याला प्रसंग रेंगाळतो. घरमालकाला खलनायकाचा आवाज मुळीच देऊ नये. अगत्याने चहा पाजत विचारणारा माणूस अधिक खरा वाटतो. (चहा काचेच्या ग्लासात येतो की कागदी कपात, हे मात्र तिसऱ्या उत्तरानंतर ठरू द्यावे.) शेवट मुलाकडे सोपवावा. जिना उतरताना तो म्हणतो, "पप्पा, मला मार्क किती पडले ते त्यांनी विचारलंच नाही की." या सबंध प्रसंगात 'जात' हा शब्द उच्चारू नये, तो प्रेक्षकांना मनात उच्चारू द्यावा.

पात्रे बदलताना भारुडातील सोंगाप्रमाणे आवाजाबरोबर उभे राहण्याची ढबही बदलावी. पैठणच्या एकनाथांचा वारसा असलेल्या मुलखात हे वेगळे शिकवावे लागू नये.

सांगणारा कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याला खोली नाकारली गेली तो बापाच्या जागेवरून बोलेल. ज्याच्या घरात हे प्रश्न विचारले गेले, त्याने घरमालकाचा मुलगा होऊन स्वतःच्या ओशाळलेपणावर हसवावे, भाडेकरूच्या अपमानावर नव्हे. स्वतःच्या समाजावरचा विनोदही निसटू शकतो: कृष्णवर्णीयांवरच बेतलेला रॉकचा १९९६ चा गाजलेला विनोद काही वंशद्वेष्ट्यांना कृष्णवर्णीयांसाठीची शिवी वापरण्याचा परवानाच वाटला आणि रॉकने तो सादर करणे थांबवले. पालकत्वाविषयी अधिक सांगायला नको. अमेरिकी विनोदकार अली वाँग २०१६ च्या कार्यक्रमात सात महिन्यांची गरोदर असताना उभी राहिली, तशी आपल्या घरातली आजची अडचण घ्यावी, आठवणीतले बालपण नको.

पहिले तीन प्रयोग मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावेत. मुलाच्या वाक्यापेक्षा आडनावापाशी हशा मोठा येत असेल, तर सभागृह घरमालकाच्या बाजूने हसत आहे असे धरून तो प्रसंग नव्याने लिहायला घ्यावा.