फिट थांबत नसेल तर ॲम्ब्युलन्समध्ये या चुका टाळा

गाडी पोहोचते तेव्हा पेशंटला झटके चालूच असतात. भोवती दहा माणसं, एकाने कांदा फोडून नाकाशी धरलेला, दुसऱ्याच्या हातात चप्पल, तिसरा दातांत चमचा घालायच्या खटपटीत. "किती वेळ झाला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आत्ताच, पाचेक मिनिटं."

पहिली चूक इथेच होते. आपण आल्यापासून घड्याळ सुरू करतो. फोन लावून गाडी येईपर्यंत गेलेला वेळ त्यात धरतच नाही. पाच मिनिटांपुढे गेलेली मोठी फिट आपोआप थांबेल याची आशा धरायची नसते. न थांबणाऱ्या फिटच्या (स्टेटस एपिलेप्टिकस) 2015 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही हीच मर्यादा आहे, आणि अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सांगितला आहे. त्यामुळे पोहोचल्यावर झटके चालू दिसले की "जरा बघू" नको. कुशीवर वळवा, तोंड सक्शन करा, ऑक्सिजन लावा आणि औषध भरायला घ्या. घट्ट मिटलेल्या जबड्यात तोंडाचा एअरवे (श्वासाची वाट मोकळी ठेवणारी नळी) कोंबू नका, दात तुटतात.

दुसरी चूक शीर शोधत बसण्याची. हलणाऱ्या हातात, हलत्या गाडीत, टॉर्चच्या उजेडात तीन-तीनदा सुई टोचणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. रॅम्पार्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासात (2012) पॅरामेडिकनी काहींना मांडीच्या स्नायूत मिडाझोलाम दिलं, काहींना शिरेतून लोराझेपाम; दोन्ही झटके थांबवणारी औषधं. हॉस्पिटलच्या दारात पोहोचताना झटके थांबलेले होते मिडाझोलाम गटात 73 टक्क्यांचे, लोराझेपाम गटात 63 टक्क्यांचे. शिरेतलं औषध एकदा आत गेलं की लवकर काम करतं, हे खरं. पण ते आत जाईपर्यंतच जवळपास पाच मिनिटं गेली. मांडीतलं सव्वा मिनिटात. शिरेत सुई (लाइन) आधीच लागलेली असेल तर शिरेतून द्या, नसेल तर मांडी. मात्र त्याच जातीचं डायझेपाम मांडीत देऊ नका, ते स्नायूतून सावकाश आणि बेभरवशाने शोषलं जातं.

तिसरी चूक माझ्या मते सगळ्यात महागात पडते: भीतीपोटी दिलेला अर्धा डोस. "श्वास बंद पडला तर?" म्हणून 2 मिलीग्रॅम, मग पुन्हा 2. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲम्ब्युलन्समध्ये झालेल्या 2001 च्या अभ्यासात श्वास-रक्तदाबाच्या गुंतागुंती औषध मिळालेल्यांत साधारण 10 टक्के होत्या, नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) मिळालेल्यांत 22 टक्के. म्हणजे न थांबलेली फिटच श्वासाला जास्त घातक. 40 किलोपेक्षा जास्त वजनाला मांडीत मिडाझोलाम 10 मिलीग्रॅम, 13 ते 40 किलोला 5, तेही एकदम. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी असू द्या, मग धीर येतो.

इथे एक गोची आहे. मिडाझोलाम 1 मिलीग्रॅम प्रति मिलीचंही मिळतं आणि 5 चंही. पहिलं हाती आलं तर 10 मिली मांडीत कसं देणार? शिफ्ट सुरू होताना बॉक्स उघडून लेबल वाचा. नाकातल्या स्प्रेचंही तेच. एका फवाऱ्यात 0.5 मिलीग्रॅम असेल आणि किलोला 0.2 चा हिशेब असेल, तर दहा किलोच्या बाळाला चार फवारे लागतात. आई एक मारून वाट बघत बसलेली असते.

औषध पूर्ण गेलं, तरी थांबत नाही? ग्लुकोमीटर लावला का? खरं तर तो औषध भरतानाच लावायचा. साखर 60 च्या खाली असेल तर डेक्स्ट्रोजशिवाय (शिरेतून द्यायच्या साखरेशिवाय) झटके हटणार नाहीत. साखर ठीक असेल तर पाचेक मिनिटांनी प्रोटोकॉलप्रमाणे दुसरा डोस. त्याआधी घरी किंवा गावच्या दवाखान्यात काय दिलं ते विचारून त्याच मोजणीत धरा. दोनदा देऊनही चालू असेल तर तिसऱ्यांदा तेच औषध ओतत राहू नका. आता लेव्हेटिरॅसिटॅम, व्हॅल्प्रोएट किंवा फॉस्फेनिटॉइन या पुढच्या टप्प्यातल्या औषधांची वेळ आहे. हॉस्पिटलला पुढे फोन करून हे सांगून ठेवा. गाडीत फेनिटॉइन असलंच, तर ते डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळू नका, साका बसतो.

हातपाय शांत झाले म्हणजे फिट थांबली असंही नाही. पापणी फडफडतेय का, डोळे एकाच बाजूला ओढलेत का, ओठाचा कोपरा उडतोय का, ते पाहा.

बाई गरोदर असेल, पाच महिने उलटले असतील किंवा नुकती बाळंत झाली असेल, तर सगळा विचार बदलतो. बीपी घ्या. एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वाढलेल्या बीपीसोबत येणारे झटके) धरून चाला आणि मॅग्नेशियम सल्फेट काढा: 50 टक्क्यांचं द्रावण, दोन्ही नितंबांत खोल, प्रत्येकी 5 ग्रॅम. आपल्याकडे प्रशिक्षित एएनएमलाही (उपकेंद्रातल्या नर्सबाईंनाही) पुढे पाठवण्याआधी हा पहिला डोस देता येतो. तो दिला गेलाय का, हे रेफरल चिठ्ठीवर आधी शोधा, नाहीतर तोच डोस गाडीत दुसऱ्यांदा जाईल.