ओव्हरड्राइव्ह लागत नाही? इंजिन उतरवण्याआधी पिवळ्या वायरीत मीटर लावा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारं गिअरबॉक्सला जोडलेलं युनिट, लागेनासा झाला की गॅरेजमधून हमखास एकच उत्तर येतं: "बॉक्स (गिअरबॉक्स) खोलावा लागेल." या गाडीत गिअरबॉक्स सुटा निघत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. त्यामुळे तो शब्द ऐकताच मालकाचा चेहरा पडतो. मी आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. निवृत्त झाल्यावर कोपरखैरण्यात ओळखीपाळखीच्या लोकांच्या जुन्या गाड्यांची वायरिंग बघतो. माझं म्हणणं एवढंच की आधी वीज पोचते की नाही ते सिद्ध करा आणि मगच पान्याला हात लावा.

यातला लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह तेलाच्या दाबावर चालतो. विजेचं काम फक्त सोलेनॉइडने (करंट मिळताच आतला दांडा, म्हणजे प्लंजर, खेचणारी कॉइल) एक झडप हलवण्यापुरतं. वाटही छोटी आहे: इग्निशन, हाताचा स्विच, गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच, सोलेनॉइड आणि बॉडीतून परत बॅटरी. इनहिबिटर तिसऱ्या-चौथ्या गिअरलाच करंट पुढे सोडतो. अगदी शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत फक्त चौथ्याला.

पुढचं सगळं १९६८ नंतरच्या एलएच प्रकाराबद्दल आहे. त्याआधीच्या डी प्रकारात सोलेनॉइडला दोन गुंडाळ्या असतात. खेचणारी गुंडाळी क्षणभर १५ ते २० अँपिअर ओढते, मग आतला कॉन्टॅक्ट तिला तोडतो आणि धरून ठेवणारी गुंडाळी साधारण एका अँपिअरवर काम भागवते. साधा मल्टीमीटर तिथे लावलात तर त्याचा फ्यूज उडेल, डीसी क्लॅम्प मीटर आणा. करंट खाली येतच नसेल तर लगेच इग्निशन बंद करा, नाहीतर सोलेनॉइडची कॉइल जळेल. प्लंजर पूर्ण आत जात नाही असा त्याचा अर्थ. शिवाय १९६७ पर्यंतच्या या गाड्या मुळात पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या), तेव्हा तारा लावण्याआधी बॅटरी कशी जोडली आहे ते बघा.

आता मीटर. बॉनेट उघडा. फायरवॉलपाशी मुख्य हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि गिअरबॉक्सकडे जाणारी हार्नेस बुलेट कनेक्टरनी (गोळीच्या आकाराच्या, दाबून बसवायच्या जोडांनी) जोडलेल्या दिसतील. त्यातल्या हिरव्या वायरी रिव्हर्स लाइटच्या, ओव्हरड्राइव्हची पिवळी. ती सोडवा आणि मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर मध्ये जोडा. इग्निशन चालू, इंजिन बंद, गाडी चौथ्यात, स्विच ऑन. बॅटरी चांगली असेल तर आकडा दोन अँपिअरच्या आसपास यायला हवा.

दोन आले तर विजेचा विषय बहुतेक संपला. गाडीखाली कुणाला तरी कान देऊन बसवा, सोलेनॉइडची बारीक टिक ऐकू येते. टिक आहे आणि तरी ओव्हरड्राइव्ह लागत नाही, तर तेलाची पातळी आणि फिल्टर बघा. तेल इंजिनाचंच, २०डब्ल्यू-५०. गिअर ऑइल यात घालायचं नसतं.

शून्य आला तर वाट कुठेतरी तुटली आहे. मीटर जागेवर ठेवून गिअरचा दांडा चौथ्यातच डावी-उजवीकडे दाबा. आकडा उडी मारत असेल तर इनहिबिटर झिजलाय किंवा त्याखालच्या वॉशरची जाडी चुकली आहे. आकडा हलत नसेल तर मुख्य हार्नेसकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर दोष खाली गिअरबॉक्सकडे, नाही पेटला तर स्विचकडे. १९७७ च्या मॉडेलपासून स्विच गिअरच्या मुठीत गेला, तिथे वायर रोज वाकून आतल्या आत तुटते.

खरी गंमत मधल्या आकड्यात असते. सानपाड्याच्या एका गाडीत मीटर ०.७ वर अडला होता. त्याआधी एका इलेक्ट्रिशियनने मीटरचा कंटिन्युटीचा (वायर सलग असल्याचा) बीप ऐकून वायरिंग ओके म्हणून सांगितलं होतं. कनेक्टर सोडवून व्होल्टेज मोजलं तर पूर्ण १२. पण बीपला आणि मोकळ्या टोकावरच्या व्होल्टेजला करंट लागतच नाही, म्हणून काळवंडलेला कॉन्टॅक्टही तिथे पास होतो. सहा ओहमच्या कॉइलमधून ०.७ अँपिअर म्हणजे कॉइलला मिळतात जेमतेम सव्वाचार व्होल्ट. बाकीचे कुठे गेले? करंट चालू ठेवून एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर टेकवत गेलो, तर जवळजवळ सगळे स्टिअरिंगजवळच्या स्विचवरच सापडले. कार्बन साफ केला, आकडा जागेवर आला. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे बुलेट कनेक्टर आतून हिरवे पडतातच. पॉलिश पेपर मारा, लूज वाटला तर नवा घाला. तसंच बॅटरीची निगेटिव्ह आणि गिअरबॉक्सची बॉडी यांच्यात करंट वाहताना पाव व्होल्टहून जास्त दिसलं तर इंजिन-अर्थची पट्टी काढून घासा.

आता ज्यात चालढकल चालणार नाही ते. न्यूट्रल किंवा रिव्हर्समध्येही मीटर दोन दाखवत असेल तर इनहिबिटर चिकटलाय. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली की युनिट आतून मोडतं. इनहिबिटर बायपास करून "तात्पुरतं चालवा" म्हणणाऱ्या मेकॅनिकला गाडी देऊच नका. ओव्हरड्राइव्ह सुटतच नसेल तर गाडी हाताने ढकलूनही मागे घ्यायची नाही.

बऱ्याच गाड्यांत या वायरीला फ्यूज नसतो. एलएचला पाच अँपिअरचा इनलाइन होल्डर जोडून टाका, स्वस्तात काम होतं.

शेवटी रस्त्यावर तपासा. रविवारी पहाटे पाम बीच रोड मोकळा असतो. चौथ्यात वेग कायम ठेवून स्विच मारा. गुणोत्तर ०.८२, म्हणजे २,५०० वरचा टॅकोमीटरचा काटा साधारण २,०५० वर यायला हवा. परत आल्यावर गाडी तापलेली असतानाच मीटर पुन्हा लावा. गरम तांब्याचा रोध वाढतो, म्हणून दोनाचा १.६ झाला तर घाबरू नका. थंड असताना दोन आणि गरम झाल्यावर सरळ शून्य येत असेल, तर सोलेनॉइडच्या टर्मिनलला बॅटरीवरून थेट वायर देऊन बघा. तरीही टिक नाही आली तर कॉइल आतून सुटली आहे, नवा सोलेनॉइड मागवा.