‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणण्याआधी

मराठीत ‘बोअर’ कुठेही खपतो. पिक्चर बोअर होता, मला बोअर झालं, तो फार बोअर मारतो. इंग्रजी बोलताना मात्र हाच शब्द तोंडघशी पाडतो.

‘मला बोअर झालं’चं ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ केलंत, तर ऐकणाऱ्याला कळतं ते ‘मी रटाळ माणूस आहे’. कंटाळा ज्याला येतो तो ‘बोअर्ड’, ज्याच्यामुळे येतो ते ‘बोअरिंग’. ‘द लेक्चर वॉज बोअरिंग, सो आय वॉज बोअर्ड.’ ‘द मूव्ही वॉज व्हेरी बोअर’ हेही चूक, कारण इंग्रजीत ‘बोअर’ हे विशेषण नाही. नाम म्हणून चालतं: ‘इट वॉज अ बोअर’. आणि ‘बोअर्ड’पुढे ‘विथ’ लावा. ‘ऑफ’ हल्ली सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत कशाला विषाची परीक्षा!

‘डल’चा घोळ मी स्वतः घातलाय. तापातून उठून आलेल्या एका परदेशी सहकारी बाईंना काळजीने म्हणालो, ‘यू आर लुकिंग डल.’ त्यांचा चेहरा आणखी पडला. आपल्याला म्हणायचं असतं ‘चेहरा उतरलाय’. इंग्रजीत माणूस ‘डल’ म्हणजे नीरस, प्रसंगी मठ्ठ. तिथे ‘यू लुक टायर्ड’ पुरे. एरवी ‘डल’ बहुगुणी आहे: बोथट सुरी, मळभाचा दिवस, फिका रंग, अंगात मुरलेलं मंद दुखणं, सगळ्याला चालतो.

निबंधात ‘बोअरिंग’ टाळायचं म्हणून शब्दकोशातला कुठलाही भारी शब्द उचलू नका. ‘टीडियस’ (‘टेडियस’ नव्हे) म्हणजे लांबलचक, जीव खाणारं. दोनशे फॉर्म हाताने भरणं टीडियस. ‘मोनोटोनस’मध्ये ग्रीक ‘एक सूर’ दडलाय, म्हणून तेच ते चालू असेल तिथेच. ‘ब्लँड’ बेचव जेवणाला, ‘ड्रॅब’ कळकट रंगाच्या खोलीला. ‘मन्डेन’चा सोमवारशी संबंध नाही, कितीही पटला तरी! तो लॅटिनमधल्या ‘जग’ या शब्दावरून आला. अर्थ रोजचं, साधंसुधं.

‘रस नाही’ म्हणायला ‘अनइंटरेस्टेड’ वापरा. ‘डिसइंटरेस्टेड’चा काटेकोर अर्थ ‘निःपक्षपाती’. आणि कुणी तुमच्या ‘ड्राय ह्यूमर’ला दाद दिली तर रुसू नका. चेहरा कोरा ठेवून मारलेल्या विनोदाला तसं म्हणतात.