ग्रामसभेचा ठराव नीट नोंदवला जावा म्हणून
महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि मतदार यादीतील प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. सूचना फलकावर लागताच विषयपत्रिकेचा फोटो काढून ठेवावा. सभेत ठराव वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा; इतिवृत्ताच्या वहीत सह्यांच्या वर कोरी जागा सोडलेली दिसली, तर तिथेच आडवी रेघ मारून ती बंद करायला सांगावे, कारण मागाहून घुसडलेला ठराव नेमका त्याच जागेत बसतो आणि गावाला त्याचा पत्ताही लागत नाही. ठरावाची प्रत मिळत नसेल, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्जात मोघम न लिहिता सभेची तारीख व विषय लिहावा आणि पोच अवश्य घ्यावी.