नावेसाठी पेट्रोल की डिझेल: इंधनखर्च ताडून पाहण्याची रीत

भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर जाळी टाकणारा असो, अक्कलकुवा-धडगाव भागात नर्मदेच्या पाण्यावरून माणसे आणि धान्य नेणारा असो, की उकाई धरणाच्या नवापूरकडील काठावरचा नाववाला असो, इंजिन घेताना प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “तासाला किती पितं?” प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तरावर सौदा करू नये. तासाला एक लिटर पिणारे इंजिन नाव पाच किलोमीटर नेत असेल आणि दीड लिटर पिणारे दहा किलोमीटर नेत असेल, तर दुसरेच स्वस्त पडते. म्हणून तुलना करायची ती त्याच नावेवर, तेवढ्याच वजनाला, तेवढ्याच वेगाला, दर किलोमीटरला किती इंधन जळते याची. रुपयांचा हिशेब त्यानंतर मांडावा.

प्रत्यक्ष चाचणीआधी इंजिनाच्या पाटीकडे पाहावे. विहिरीवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या पाटीवर अश्वशक्ती आणि इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर बहुधा ‘एस.एफ.सी.’ हा आकडाही कोरलेला असतो. एका किलोवॉट शक्तीने तासभर काम करायला किती ग्रॅम इंधन लागते, हे तो सांगतो. बरे चालणाऱ्या लहान डिझेल इंजिनाचा हा आकडा 250 च्या आसपास, फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्डचा, म्हणजे नावेच्या मागच्या कडेला अडकवायच्या मशीनचा, 310 च्या आसपास आणि जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मशीनचा 400 किंवा त्याहूनही वर असतो. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 0.735 किलोवॉट, एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे 740 ग्रॅम आणि डिझेलचे 830 ग्रॅम, एवढे धरून गणित केले की एका अश्वशक्तीला तासाला लागणारे इंधन लिटरमध्ये मिळते: डिझेलला साधारण 0.22, फोर-स्ट्रोक पेट्रोलला 0.31 आणि टू-स्ट्रोकला 0.40. हे आकडे इंजिन चांगल्या भारावर चालत असतानाचे आहेत. निम्म्याहून कमी भारावर पेट्रोल इंजिनाचा आकडा झपाट्याने बिघडतो, डिझेलचा तितका बिघडत नाही.

याचे कारण दोन्ही इंजिनांच्या घडणीत आहे. पेट्रोल इंजिन हळू चालवायचे तर हवेची वाट झडपेने आवळावी लागते आणि त्या आवळलेल्या वाटेतून हवा ओढण्यातच पिस्टनची काही ताकद खर्ची पडते. डिझेल इंजिनात हवेला अशी आडकाठी नसते. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग काबूत ठेवणारा भाग, फक्त डिझेल कमी-जास्त करतो. शिवाय पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण आठ ते दहा पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा सोळा ते वीस पट दाबली जाते, आणि जितका दाब अधिक तितके त्याच उष्णतेतून काम अधिक मिळते. टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळीच आहे. त्यात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराच्या वाटेने बाहेर पडतो. मशीनमागे पाण्यावर जो इंद्रधनुषी तवंग दिसतो, तो विकत घेतलेल्या पेट्रोल-ऑइलचाच असतो.

आता इंधनाकडे पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल उष्णता असते आणि शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे 32. आज पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे जेमतेम 21 मेगाज्यूल उष्णता असल्यामुळे या मिश्रणात ती 30 च्या घरात येते. पेट्रोल इंजिनाच्या जुन्या माहितीपत्रकातले आकडे म्हणूनच सहा-सात टक्क्यांनी वाढवून वाचावेत. म्हणजे डिझेलचा लिटरमागे जो फायदा दिसतो, त्यातला जवळजवळ अर्धा इंजिनाचा नसून इंधनाचाच असतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी नावेत तशीच पडून राहिली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो आणि मशीन सुरू होत नाही. ते फेकून द्यावे लागलेले पेट्रोलही वर्षाच्या हिशेबात धरले पाहिजे.

पाटी आणि पुस्तक इथवरच उपयोगाचे. पुढचे पाण्यावरच कळते. चाचणीसाठी संथ पाण्याचा, पुरेशा खोलीचा पट्टा निवडावा. हतनूरमध्ये गाळ बराच साठला असल्याने उन्हाळ्यात पाणी दूरवर पसरलेले दिसले, तरी खाली खोली नसते. उथळ पाण्यात नावेचा मागचा भाग खाली बसतो आणि तेवढ्याच वेगाला जास्त ताकद लागते, म्हणून अशा जागी घेतलेला आकडा फसवा निघतो. प्रकाशा, सारंगखेडा या बॅरेजांच्या मागचे पाणी दारे बंद असताना चाचणीला सोयीचे असते. वेळ पहाटेची धरावी. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की हलकी नाव वाऱ्याशीच झगडत राहते, आणि नर्मदेच्या डोंगरांमधल्या अरुंद पात्रात तर वारा नळीतून यावा तसा येतो.

काठावरच्या दोन ठळक खुणांमधले अंतर मोबाइलच्या जीपीएसवर मोजून एक किलोमीटर निश्चित करावे आणि जाणे-येणे अशा तीन फेऱ्या, म्हणजे सहा किलोमीटर, एकाच वेगाने कराव्यात. दोन्ही दिशांनी गेल्यामुळे प्रवाह आणि वारा यांचा परिणाम बराचसा फिटतो. वेग मात्र इंजिनाच्या आवाजावरून ठरवू नये. तो जीपीएसवरच धरून ठेवावा, कारण डिझेल इंजिन मिनिटाला कमी फेऱ्यांवर पाण्यातला मोठा पंखा फिरवते आणि आउटबोर्ड जास्त फेऱ्यांवर लहान, त्यामुळे कानाला दोघांची तुलना करता येत नाही. वजनासाठी माणसे गोळा करण्यापेक्षा वीस लिटरचे पाण्याचे जार वापरावेत. एका जारात वीस किलो पाणी मावते, तेव्हा साठ किलोची आठ माणसे म्हणजे चोवीस जार; आणि दुसऱ्या इंजिनाच्या चाचणीलाही तेच जार, त्याच जागी ठेवता येतात. नावेचा तळ दोन्ही वेळी घासून स्वच्छ केलेला असावा आणि पंख्याची पाती ठेचलेली किंवा वाकलेली नसावीत.

इंधन मापाने नव्हे, वजनाने मोजावे. भुसावळच्या मे महिन्यात पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्या फरकाने तेच पेट्रोल दोन टक्क्यांच्या आसपास फुगते. टाकीवरच्या रेघा त्यामुळे खोटे बोलतात. वजन खोटे बोलत नाही. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा काठावर सपाट फळीवर ठेवावा, आउटबोर्डची सुटी टाकी नळी काढून त्यावर तोलावी, फेऱ्या कराव्यात आणि परत तोलावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खालीच साचते. तेव्हा हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे. मशीन आधी दहा मिनिटे चालवून गरम झालेले असावे आणि तोलण्यापूर्वी व नंतर कार्बोरेटरची वाटी सारखीच भरलेली असावी, म्हणजे नळीवरचा रबरी फुगा दोन्ही वेळी घट्ट होईपर्यंत दाबलेला असावा.

डिझेलला एक खाचखळगा आहे. नोझलमधून जास्तीचे डिझेल परतीच्या बारीक नळीने मागे येते. चाचणीसाठी लहान कॅन जोडून ही नळी मात्र मोठ्या टाकीतच सोडून ठेवली, तर परत गेलेले डिझेलही जळले असेच मोजले जाते आणि चांगले इंजिन खादाड ठरते. दोन्ही नळ्या त्याच कॅनमध्ये सोडाव्यात. कॅन जोडल्यावर पंपाजवळचा नट सैल करून हवा काढावी आणि बुडबुडे थांबल्याशिवाय फेरी सुरू करू नये.

आलेल्या ग्रॅमला वर दिलेल्या घनतेने भागले की लिटर मिळतात आणि त्यांना सहाने भागले की किलोमीटरचा आकडा हाती येतो. हीच चाचणी तीन वेगांना करावी असा माझा आग्रह आहे, कारण नावेच्या बाबतीत वेग इंजिनाइतकाच बोलतो. पाणी कापत जाणाऱ्या नावेला एक नैसर्गिक मर्यादा असते: पाण्यातल्या लांबीच्या मीटरचे वर्गमूळ गुणिले साडेचार, म्हणजे ताशी किती किलोमीटर ते येते. साडेसात मीटरच्या नावेला ही मर्यादा सुमारे बारा. तिच्या जवळ जाऊ लागले की नाव स्वतःच्याच लाटेवर चढू पाहते आणि इंधन अक्षरशः ओतावे लागते. मर्यादेच्या बरेच खाली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे आणि किलोमीटरमागचे इंधन वर्गाप्रमाणे बदलते. ताशी नऊ किलोमीटरऐवजी साडेसातने गेले, तर नऊ किलोमीटरला बारा मिनिटे जास्त लागतात, पण इंधन कागदावर तीस टक्क्यांनी आणि प्रत्यक्षात, इंजिन कमी भारावर थोडे बिघडते हे धरून, पाव भागाने वाचते. इंजिन बदलून जे मिळवायचे त्यातला मोठा वाटा नुसत्या संयमाने मिळतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

आता रुपये. समजा या साडेसात मीटरच्या नावेला ताशी नऊ किलोमीटरसाठी पंख्यावर पाच अश्वशक्ती लागते. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर तासाला सुमारे 1.65 लिटर घेईल आणि डिझेल 1.1 लिटर. पेट्रोल 105 आणि डिझेल 92 रुपये लिटर धरले, तर तासाला अनुक्रमे 173 आणि 101 रुपये, किलोमीटरला 19 आणि 11 रुपये खर्च होतात. फरक तासाला 72 रुपयांचा. गिअर, शाफ्ट, पाया आणि जोडणी धरून डिझेल 90,000 रुपयांनी महाग पडत असेल, तर वर्षाला 600 तास नाव चालवणाऱ्याचे ते पैसे दोन वर्षांत निघतात. वर्षाला 100 तास, म्हणजे हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्यांपुरती नाव काढणाऱ्याचे मात्र साडेबारा वर्षांत. दर आपापल्या पंपाचा घालावा. नवापूरकडील मंडळी सीमेपलीकडे गुजरातेत टाकी भरतात, आणि तिथे पेट्रोल आपल्यापेक्षा बरेच स्वस्त असते, डिझेलमधला फरक मात्र तेवढा नसतो. त्यामुळे त्यांच्या हिशेबात डिझेलची आघाडी नंदुरबार शहरात भरणाऱ्यापेक्षा कमी दिसेल. टू-स्ट्रोक असेल, तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलची किंमतही लिटरमागे जोडावी. एकास पन्नास प्रमाणाला लिटरमागे 20 मिलिलिटर ऑइल जाते.

खानदेशात एक मोह विशेष आहे. विजेचे आणि सौरपंप आल्यावर अनेकांच्या शेतात जुनी पाच अश्वशक्तीची डिझेल इंजिने पडून आहेत आणि ती नावेवर बसवली की इंजिन फुकटात पडले असे वाटते. पण अशा इंजिनाचे वजन शंभर किलोच्या वर जाते, तर तेवढ्याच ताकदीचे आउटबोर्ड पंचवीस किलोच्या आसपास असते. म्हणजे एका माणसाहून अधिक वजन कायमचे नावेत बसते. जड, रुंद नावेला त्याचे फारसे वाटत नाही. दोन जणांच्या हलक्या पत्र्याच्या होडीला मात्र ते बुडवत नेते, आणि पाटीवरचा सगळा फायदा तिथेच संपतो. पंप चालवायला बनवलेल्या इंजिनाला उलटा गिअरही नसतो, हे घाटावर लागताना कळते. धुळ्यात तळ असलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलासारख्या पथकांना लागणाऱ्या रबरी बोटींचा विचार तर वेगळ्याच पायावर करावा लागतो: त्यांना पाण्यावर उठून वेगाने जायचे असते, चार माणसांनी उचलून ट्रकमध्ये टाकायचे असते, आणि तिथे हलके पेट्रोल आउटबोर्डच योग्य.

डिझेल बसवायचे ठरलेच, तर पंख्याची निवड कारागिराच्या अंदाजावर सोडू नये. पूर्ण रेस दिल्यावर इंजिन पाटीवरच्या फेऱ्यांपर्यंत पोचले पाहिजे. पोचत नसेल आणि काळा धूर येत असेल, तर पंखा जड आहे आणि तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल आहे. फेऱ्या मर्यादेबाहेर जात असतील, तर पंखा हलका आहे. फेऱ्या मोजायचे लहान यंत्र ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. आउटबोर्डवालाही हीच कसोटी लावू शकतो. त्याने पावसाळ्यानंतर पाणी फेकणाऱ्या नळीची धार मात्र जरूर पाहावी, कारण तापीच्या गढूळ पाण्यातली रेती आतल्या रबरी पंपाची पाती झिजवते. धार बारीक झाली, तर पाती बदलून घेतल्याशिवाय मशीन तोलाच्या चाचणीला उतरवू नये, नाहीतर ते मध्येच तापून बंद पडेल आणि सकाळ वाया जाईल.